बारशाचं नाव म्हैसूर

प्रत्येक माणसाला आडनाव असतंच, अशी पक्की समजूत करून घेतलेले तिघे माझ्या माहितीत आहेत. पहिला पॅनकार्डाचा अर्ज. त्यात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि तिथे नुसती आद्याक्षरंही चालत नाहीत. दुसरं संयुक्त अरब अमिरात. 2022च्या नोव्हेंबरात त्यांनी फर्मान काढलं, की पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाला पर्यटक म्हणून आत घेतलं जाणार नाही. आणि तिसरं, संशोधकांचे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. पहिल्याशी बँकेतली नोकरी संपेपर्यंत माझा संबंध आला, दुसऱ्याशी येण्याची ऐपत नाही. तिसऱ्याची गाठ मात्र म्हैसुरात पडली, आणि त्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने याहून वाईट गाव भूतलावर नसावं.

आमची कन्या इथे पीएच.डी. करते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रावर मराठीत काय काय लिहिलं गेलं, असा विषय आहे. मिरजेचा उन्हाळा चुकवायला आम्ही उभयता तिच्याकडे येतो. निवृत्त माणूस दुसऱ्याच्या घरात, मग ते लेकीचं का असेना, फार वेळ रिकामा बसला की घरातल्या वस्तू जागच्या हलायला लागतात. तसं होऊ नये म्हणून तिने एके दिवशी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बाबा, तुम्ही आयुष्यभर लेजर लिहिलीत ना? मग हे तुम्हाला जमेल."

पडद्यावर झोटेरो होतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संशोधक जे जे वाचतो त्याचा हिशेब त्याला शेवटी द्यावा लागतो: कोणी लिहिलं, कधी, कुठे छापलं, कितव्या पानावर. पूर्वी हे वह्यांत, कार्डांवर, काहींच्या बाबतीत बसच्या तिकिटांच्या मागे असायचं. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहे. झोटेरो 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात निघालं आणि फुकट मिळतं. मेंडली नावाचं दुसरं आहे, ते 2013 मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतलं. एंडनोट या दोघांपेक्षा वयाने मोठं आणि पैसे मागणारं. काम तिघांचं एकच. एकदा पुस्तकाची नोंद केली की प्रबंध लिहिताना हवं तिथे बटण दाबायचं. कंसात आडनाव आणि साल आपोआप येतं आणि शेवटी संदर्भांची यादी आपोआप तयार होते.

त्यात जादूची कांडीही आहे. खरंच, तसं चित्रच आहे. तिच्यावर टिचकी मारून पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक घातला की बाकीचे रकाने क्षणात भरतात. इंग्रजी पुस्तकांना ही कांडी नीट लागू पडते. पण आयएसबीएन रुळला 1970 नंतर, आणि कन्येला हवी असलेली मराठी पुस्तकं बहुतेक त्याआधीची. काहींचं मुखपृष्ठ गेलेलं, काहींवर सालाच्या जागी ग्रंथालयाचा शिक्का. परदेशी ग्रंथालयाच्या यादीतून एखादं मिळालंच, तर लेखकाच्या नावातल्या अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली टिंबं असतात आणि देशपांड्यांना स्वतःचं नाव ओळखू येत नाही. म्हणून सगळं हाताने टाइप करणं आलं, आणि म्हणून मला नोकरी लागली. पगार नाही, पण दिवसाला दोन फिल्टर कॉफी.

तर नोंदीचा पहिला रकाना: आडनाव. दुसरा: नाव. मराठी माणसाचं इथे अडत नाही. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, असा आपला सरळ कारभार. पण म्हैसूरकरांचं नाव उलट्या दिशेने चालतं. आधी गाव, मग वडील, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द माणूस. थोर समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1916 साली याच गावात जन्मले. त्यांच्या नावातला एम म्हणजे म्हैसूर, एन म्हणजे वडील नरसिंहाचार, आणि श्रीनिवास म्हणजे ते स्वतः. सॉफ्टवेअर यातला शेवटचा शब्द उचलतं आणि आडनाव म्हणून नोंदवतं. उरलेलं सगळं पहिलं नाव. म्हणजे त्याच्या हिशेबाने श्रीनिवास घराण्यात एक मुलगा झाला आणि बारशाच्या दिवशी आत्याने त्याच्या कानात "म्हैसूर" असं सांगितलं.

आर. के. नारायण आणि आर. के. लक्ष्मण यांची तऱ्हा याहून गमतीची. एक कादंबरीकार, दुसरा आपल्या मुंबईत आयुष्य घालवलेला व्यंगचित्रकार. दोघं सख्खे भाऊ. आर म्हणजे राशिपुरम हे मूळ गाव, के म्हणजे वडील कृष्णस्वामी. यादीत मात्र एक एलखाली, एक एनखाली, मध्ये भलतेच लोक. सॉफ्टवेअरच्या मते दोघांची आडनावं वेगळी आहेत आणि आद्याक्षरं जुळणं हा निव्वळ योगायोग आहे. ज्यांनी इथल्या विद्यापीठाच्या आवाराला मानसगंगोत्री हे नाव दिलं, ते कवी आणि कुलगुरू कुवेंपू तर एका नोंदीत कुवेंपू, दुसरीत के. व्ही. पुट्टप्पा आणि तिसरीत कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा. तिघांच्या नावावर पुस्तकं आहेत आणि तिघांचा एकमेकांशी परिचय नाही.

मला बँकेतले दिवस आठवले. आमच्या शाखेतही केवायसीच्या वेळी असे घोळ व्हायचे, पण तिथे काउंटरपलीकडे जिवंत माणूस उभा असायचा आणि "अहो, मीच तो" असं ओरडू शकायचा. ग्रंथकाराला ती सोय नाही.

सकाळी मी कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारतो. तिथे फिरणारे निम्मे निवृत्त प्राध्यापक असतात, आणि उरलेले निम्मे निवृत्त प्राध्यापकांना टाळणारे. त्यांच्यातल्या एका सज्जनांना मी त्यांच्या आद्याक्षरांचा अर्थ विचारला. "एच म्हणजे होळेनरसीपूर," ते म्हणाले. "आपण कधी गेलात तिकडे?" "नाही. आजोबाही गेले नव्हते." माणूस तिथे गेला नाही, पण गाव त्याच्यापुढे चार पिढ्या चाललंय. आपल्याकडे मिरजकर निदान मागून येतो.

या दुखण्यावर झोटेरोत उपाय आहे. नावाच्या रकान्याशेजारी एक चिमुकली खूण असते. ती दाबली की दोन रकान्यांचा एक होतो आणि आडनावाची सक्ती संपते. कन्येने ती मला बऱ्याच उशिरा दाखवली. "संस्थांच्या नावासाठी असते ती," ती म्हणाली. म्हणजे ज्याला आडनाव नाही, तो एकतर संस्था किंवा कौटिल्य.

कौटिल्यापाशी आलोच आहोत तर थोडं थांबू. इथे कृष्णराज बुलेव्हार्डवर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची जुनी दगडी इमारत आहे. 1891 साली ती संस्था ओरिएंटल लायब्ररी म्हणून सुरू झाली. आर. शामशास्त्री तिथे ग्रंथपाल होते. 1905च्या सुमारास ताडपत्रांच्या एका पोथीत त्यांना अर्थशास्त्राची संहिता सापडली. हा ग्रंथ होता हे सगळ्यांना माहीत होतं, इतरांच्या पुस्तकांत त्याचे उल्लेखही होते, पण अख्खी पोथी कोणाच्या पाहण्यात नव्हती. 1909 मध्ये शामशास्त्रींनी ती छापली, 1915 मध्ये इंग्रजी भाषांतर काढलं, आणि तेव्हापासून जगभरचे विद्वान तिच्यावर भांडून पोट भरताहेत. आपले र. पं. कांगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी 1960 ते 1965 या काळात तीन भागांत केलेली आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास हे त्यातलं सर्वांत नीटस काम, असं कन्येचं मत आहे आणि ते मी यादीत टाइप केलेलं असल्यामुळे माझंही आहे.

आता या ग्रंथाची नोंद करा पाहू. लेखक: कौटिल्य. की चाणक्य? की विष्णुगुप्त? साल: विद्वानांत इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून नंतरच्या तिसऱ्या शतकापर्यंत सगळे पक्ष आहेत. रकाना रिकामा सोडला तर यादीत "तारीख नाही" असं छापून येतं, जणू लेखक घाईत होता. छापील आवृत्तीचं साल घातलं तर "कौटिल्य, 1909" येतं. म्हणजे मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या आणि त्याच वर्षी चंद्रगुप्ताच्या मंत्र्याने मौका साधून पुस्तक काढलं. संपादकाच्या रकान्यातही सुख नाही. शामशास्त्रींचं नाव इंग्रजीत कोणी सलग लिहितं, कोणी तोडून, कोणी शेवटी आय लावून, कोणी वाय. माझ्या पहिल्या यादीत एकाच ग्रंथपालाचे चार ग्रंथपाल झाले होते.

पण माझं मन अडकलं ते दुसरीकडेच. ती पोथी ग्रंथालयात आणून दिली तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितांनी. त्यांचं नाव काय, म्हणून मी कन्येला विचारलं.

"कुठेच नाही मिळत, बाबा. तंजावरचे पंडित, एवढंच सगळे लिहितात."

मी नोंदीतल्या लेखक या शब्दावर टिचकी मारली. खाली पर्याय उलगडले: संपादक, अनुवादक, सहभागी. आणून देणारा, असा पर्याय नव्हता. आमच्या बँकेत पाच रुपयांची ठेव ठेवणाऱ्यालाही नावाची पावती मिळायची.

म्हैसुरात एक गोष्ट सांगतात. महाराज कृष्णराज वडियार जर्मनीला गेले असता तिथल्या एका विद्वानाने विचारलं, "म्हणजे शामशास्त्रींच्या म्हैसूरचे आपण?" महाराजांनी परत आल्यावर शास्त्रीबुवांना सांगितलं, की इथे राजा मी असलो तरी तिकडे तुमचं राज्य आहे. मी ती उत्साहाने कन्येला सांगितली. "संदर्भ?" तिने विचारलं. तलावावरच्या बाकावर ऐकली, असं सांगितलं तर त्याला रकाना नव्हता. वास्तविक बाकाचा क्रमांकही मी देऊ शकलो असतो.

गंमत म्हणजे खुद्द कौटिल्य या बाबतीत फार काटेकोर होता. मंत्री कसे नेमावेत यावर तो आधी भारद्वाज, विशालाक्ष, पराशर, पिशुन, कौणपदंत, वातव्याधी आणि बहुदंतीपुत्र अशा एकेकाचं मत नाव घेऊन सांगतो. यातल्या कुणाचाही ग्रंथ आज हाती नाही. त्यांचं राजनीतीवर काही म्हणणं होतं हे कळतं ते बरंचसं त्याने नोंद ठेवली म्हणून. पान नाही, साल नाही, प्रकाशक नाही, तरी काम चोख. आणि ठिकठिकाणी आधीच्यांना खोडून काढताना स्वतःचं मत तो स्वतःच्याच नावाने, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं देतो. आजच्या पद्धतीत याला स्वतःचाच संदर्भ देणं म्हणतात आणि त्याने प्राध्यापकांचे गुण वाढतात.

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा लोक काय करत होते, असा प्रश्न कन्येच्या मैत्रिणींना पडतो. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत लिहिला. साडेसहा हजारांच्या आसपास पानं, आणि तळटिपा अशा की काही पानांवर वरचा मजकूर पाहुणा वाटतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शब्दकोशासाठी 1948 पासून सुमारे एक कोटी कागदी चिठ्ठ्या तयार झाल्या; पत्र्याच्या कपाटांत त्या आजही ओळीने उभ्या आहेत. झोटेरोत फुकट जागा मिळते 300 एमबी. आमच्या कन्येची ती पहिल्याच वर्षी भरली आणि तिने एवढा निःश्वास टाकला की मला काण्यांची शपथ घालावीशी वाटली.

अर्थात कागदाला जळण्याचं जे भय, ते आहेच. पुन्हा श्रीनिवासांकडे येतो. मुंबईत आपल्या घुर्ये सरांच्या हाताखाली ते समाजशास्त्र शिकले, मग ऑक्सफर्डला गेले, आणि 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला रामपुरा म्हटलंय. त्या मुक्कामातल्या टिपणांवर वर्षानुवर्षं मेहनत करून त्यांनी ती सजवली, त्यांच्या तीन प्रती केल्या, आणि 1970 साली पुस्तक लिहायला कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला गेले. त्या एप्रिलमध्ये कुणी तरी तिथल्या संशोधन केंद्राला आग लावली. तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही त्याच खोलीत होत्या. मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी सुचवलं, की आता आठवणीतूनच लिहा. श्रीनिवासांनी तसंच केलं. 1976 मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाच्या नावातच आठवण आहे, आणि ते आज समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. मी हे ऐकून कन्येला म्हटलं, बघ, टिपणं जळाली म्हणून पुस्तक चांगलं झालं. तिने त्या रात्री सगळ्या नोंदींची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तो पेनड्राइव्ह माझ्यापासून लपवून ठेवला.

नोंदी झाल्या की पुढचं प्रकरण म्हणजे शैली. यादी कशी छापायची याच्या दहा हजारांहून जास्त तऱ्हा या सॉफ्टवेअरला येतात. एकीला सालाभोवती कंस हवा, दुसरीला साल शेवटी हवं, तिसरीला पुस्तकाचं नाव तिरकं हवं, चौथीला संदर्भाच्या जागी नुसता आकडा हवा. कन्येचे मार्गदर्शक एका शैलीचे भक्त, नियतकालिक दुसरीचं, आणि प्रबंधाच्या नियमावलीत तिसरीच. पूर्वी स्वल्पविराम इकडून तिकडे न्यायला आठवडा जायचा, आता एक टिचकी पुरते. वेळ वाचला का? छे. आता लोक टिचकी मारून दहा शैलींत यादी बघतात आणि कुठली शोभते यावर चहाला जातात.

एपीए नावाची जी लोकप्रिय शैली आहे, तिचा नियम बघा. एका लेखाला वीसपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले एकोणीस छापायचे, मग तीन टिंबं, मग एकदम शेवटचा. विसाव्या क्रमांकाच्या माणसाने घरी काय सांगायचं? पण याच शैलीने 2019च्या सातव्या आवृत्तीत एक काम फार शहाणपणाचं केलं. प्रकाशनाचं गाव देणंच बंद केलं. म्हैसुराला याचा मोठा दिलासा आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचं इंग्रजी नाव मैसूरू झालं, विद्यापीठाच्या इंग्रजी नावात मात्र जुनंच राहिलं, आणि यादीत एकच गाव दोन गावं होऊन बसलं. रकानाच काढून टाकल्यावर तंटा उरला नाही. आमच्या बँकेच्या मुख्यालयाची बुद्धी याच जातीची होती.

मराठी प्रबंधाची यादी पहिल्यांदा छापून आली तेव्हा तिच्यात "काणे, कांगले आणि इतर"ऐवजी "काणे, कांगले एट अल." असं निघालं. मराठी पुस्तकं सगळी इंग्रजीच्या खाली, झेडच्याही पलीकडे, गोळा होऊन बसलेली. ते सगळं हाताने वर आणावं लागलं. हात कुणाचे ते सांगायला नको.

आणि यंत्रावर किती विसंबावं, याचा एक किस्सा. एल्सव्हिअरने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना दिला होता: व्हॅन डेर गीअर आणि इतर, साल 2000, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा लेख. असा लेख कुणी लिहिलेलाच नाही. तो नुसता नमुना होता. 2017च्या सुमारास लक्षात आलं, की जवळजवळ 400 शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ दिलाय. तंजावरचे पंडित खरे होते, त्यांना एकही संदर्भ नाही. व्हॅन डेर गीअर झालेच नाहीत, त्यांना चारशे. वर त्यांना आडनावही आहे, तेही तीन शब्दांचं.

कन्येचं लग्न ठरतंय. त्यामुळे सध्या घरात दुसराच वाद आहे. तिचे दोन निबंध माहेरच्या नावाने छापून आलेत. आडनाव बदललं तर सॉफ्टवेअर त्या दोघी वेगळ्या धरणार. तिची आई म्हणते, दोन्ही लाव. मार्गदर्शक म्हणतात, ऑर्किड घे. 2012 पासून संशोधकांना देतात तो सोळा आकडी क्रमांक आहे. नाव बदला, गाव बदला, क्रमांक जन्मभर तोच. शेवटी सगळ्यांना खातेक्रमांकावरच यावं लागलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

परवा मात्र मलाच यादीत जायची संधी आली. अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार सांगितलेत. ते आमच्या बँकेच्या प्रशिक्षणात एका वक्त्याने मराठीतून समजावले होते, असं मी जेवताना सहज बोलून गेलो. कन्येने घास खाली ठेवला. मराठी माणसाच्या तोंडी अर्थशास्त्र कुठवर पोचलं, याचा तिला पुरावा हवाच होता.

"मग यादीत माझं नाव येणार?"

"यादीत नाही, बाबा. वैयक्तिक संवाद यादीत जात नाही. फक्त मजकुरात, कंसात."

"कंसात तर कंसात."

तिने नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना दाखवली. संध्याकाळी परत आली ती हसू दाबत. आडनाव दोघांचं एकच. वाचणाऱ्याला वाटेल, मुलगी स्वतःशीच बोलली आणि तेच पुरावा म्हणून दिलं, असं सर म्हणाले होते. कौटिल्याला चाललं ते हिला का चालू नये, हा माझा मुद्दा कुणी ऐकून घेतला नाही. आडनावाआधी माझी आद्याक्षरं लावायची असं ठरलं.

एवढा वेळ स्वयंपाकघरातून सगळं ऐकणाऱ्या सौभाग्यवती ओट्यावरूनच म्हणाल्या, "त्या चाळीसांतले ह्यांना स्वतःला किती येतात, ते कंसात घालू नकोस म्हणजे झालं."